खारवलेली तुळस

मासळी खारवायच्या रांजणात मी तुळस लावली.

झालं ते एवढंच. यापलीकडे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. पण बाजू नसताना बोलत राहणं हा माझा जुना गुण आहे, तेव्हा सविस्तर सांगतो.

आधी माझ्या बागेबद्दल. बाग म्हणजे विरार पूर्वेला, चंदनसारच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची ग्रिल लावलेली गॅलरी. बिल्डरने दिलेल्या गुळगुळीत कागदावर तिला 'सनडेक' म्हटलं होतं. तिच्यात दोन माणसं उभी राहिली तर एकाने घरात बघायचं आणि दुसऱ्याने बाहेर, नाहीतर कोपर लागतं. नोकरीतून मोकळा झालो त्याच आठवड्यात मी बायकोचं स्वयंपाकघर शास्त्रशुद्ध लावून दिलं. तिला हळद सापडेना. तिने मला दंडाला धरून गॅलरीत आणलं आणि म्हणाली, "तुमचं जे काय शास्त्र आहे, ते इथे करा." माझ्या निसर्गप्रेमाचा उगम हा असा आहे.

मी झाडं आणली. ती गेली. गुलाब गेला, मोगरा गेला, आणि 'हा कुठेही येतो' असं नर्सरीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलेला मनीप्लांटही आमच्याकडे आला तो जाण्यासाठीच. तरी खोटं कशाला बोलू, मला त्या गॅलरीने फार सुख दिलं. सकाळी चहा घेऊन प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसावं, वाचलेल्या कढीपत्त्याला नवी तांबूस पालवी फुटली आहे का ते पाहावं, पाणी घालताच कोरड्या मातीतून बारीक चर्र आवाज येतो तो ऐकावा. असलं सुख मला पगारवाढीनेसुद्धा दिलं नव्हतं. अर्थात पगारवाढ फारशी कधी झालीच नाही, त्यामुळे तुलना जरा कच्ची आहे.

झाडं टिकेनात म्हणून मी कुंड्यांकडे वळलो. कुंडी मरत नाही. जुनी कुंडी तर आणखी बरी, तिचं जे काय व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. त्यातून फोनवर एक बाई दिसायला लागल्या. आजीच्या फुटक्या किटलीत रोप लावलं की घराला 'व्हिंटेज लुक' येतो, असं त्या फार गोड आवाजात सांगायच्या. माझ्या आजीने मागे किटली ठेवली नव्हती, फक्त सूचना ठेवल्या होत्या. म्हणून मी इतरांच्या आज्यांच्या वस्तू शोधायला निघालो. गोखिवऱ्याला छोट्या कारखान्यांच्या मागे एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे मी इतका नियमित जाऊ लागलो, की मला पाहिल्यावर तो न विचारता चहा सांगायचा. ज्या गिऱ्हाइकाला काहीही खपवता येतं त्याला चहा पाजावा लागतो, हा धंद्यातला साधा नियम मला तेव्हा माहीत नव्हता. मला वाटायचं, माझा व्यासंग त्याला जाणवला.

संग्रह वाढला. कोळशाची जुनी इस्त्री आणली, तिच्या पोटात ऑफिस-टाइमची फुलं लावली. ही फुलं बरोबर दहाच्या सुमारास उमलतात आणि दुपारनंतर काही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. दुधाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये कढीपत्ता. आणि निळ्या काठाचं पांढरं इनॅमलचं एक पसरट भांडं, एका बाजूला जरा उतरतं, वर छान कडा, त्यात पुदिना. पुदिना असा माजला, की मी मजल्यावर सगळ्यांकडे चटणी वाटली. एकदा माझी आत्तेबहीण आली. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. भज्यांबरोबर चटणी खाता खाता तिची नजर गॅलरीत गेली आणि घास थांबला.

"दादा, ही चटणी त्यातल्या पुदिन्याची का?"

"हो. भांडं बघ कसलं आहे. असलं काम आता मिळत नाही."

"मिळतं," ती म्हणाली. "ज्यांना उठून संडासला जाता येत नाही, त्यांच्या खाटेखाली असतं."

तेव्हापासून आमच्या मजल्यावर मला सगळे हसून नमस्कार करतात, पण माझ्या घरची चटणी कोणी घेत नाही.

आता तुळशीबद्दल. ती माझी नव्हती, हे खरं म्हणजे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. गॅलरीच्या ज्या कोपऱ्यात पहिलं ऊन येतं, तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यात ती उभी असे. डबा प्लॅस्टिकचा, मोठा, त्यावर इंद्रधनुष्य आणि 'डाग सहज पुसले जातात' असं आश्वासन. बायकोने तापलेल्या सळईने त्याच्या तळाला भोकं पाडली होती. तुळस तिच्या माहेरची. कोकणातलं ते घर विकलं, सासूबाई ठाण्याला मेहुण्याकडे राहायला आल्या, आणि घराच्या किल्ल्या द्यायच्या दिवशी बायकोने अंगणातल्या वृंदावनातून एक रोप उपटून घेतलं. श्रीखंडाच्या डब्यात ओली माती, मातीत रोप आणि डबा मांडीवर, अशी ती विरारपर्यंत आली. वाटेत मी म्हटलं, "खाली ठेव, पाय अवघडतील." तिने ऐकलं नाही. नव्या मालकाने त्या अंगणात आता पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायची सोय केली आहे. वृंदावन गेलं, अंगण गेलं. त्या घरातलं जिवंत म्हणून जे काही उरलं होतं, ते इंद्रधनुष्याच्या डब्यात होतं.

दर कार्तिकात आमच्या गॅलरीत तिचं लग्न लागतं. सासूबाई ठाण्याहून येतात, स्वतःच्या हाताने डब्याला हिरवा खण गुंडाळतात. चार उसांचा मांडव, मातीत खोचलेल्या चिंचा आणि आवळे, समोर देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण नवरदेव म्हणून. वधुपित्याचं काम माझ्याकडे, म्हणजे अंतरपाट धरायचा आणि मंगलाष्टकांच्या मध्ये बोलायचं नाही. दरवर्षी सासूबाई तुळशीचं पान चुरगळून हुंगतात आणि म्हणतात, "डब्यात आहे, पण सुखात आहे." हे त्या तुळशीबद्दल म्हणतात की आमच्या फ्लॅटमध्ये नांदणाऱ्या लेकीबद्दल, ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मला मात्र तो डबा बोचायचा. एवढ्या दुर्मीळ कलावस्तू मांडलेल्या, आणि मध्येच प्लॅस्टिकचं इंद्रधनुष्य. मी एकदोनदा बायकोकडे विषय काढला. ती म्हणाली, "डबा कसा का दिसेना, तिला मानवलाय. तुमच्या दागिन्यांत तिला लावू नका." ते मी ऐकलं. ऐकण्याबाबत माझ्याबद्दल तक्रार नव्हतीच कधी, वागण्याबाबत होती.

त्यातच मला रांजण दिसला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या वसई-विरारकडे ज्या वस्तूला कोणी विचारत नाही, ती पोर्तुगीजांची असते. पोर्तुगीज जाताना किल्ला इथे टाकून गेले आणि उरलेला सगळा संसार गोखिवऱ्याच्या भंगारवाल्याकडे सोपवून गेले, अशी माझी त्या वेळी जवळजवळ खात्री झाली होती. रांजण कमरेएवढा, भाजक्या मातीचा, गळ्याशी अरुंद, पोटाशी ऐसपैस. अंगावर पांढुरकी झाक.

"अंकल, पोर्तुगीज पीस आहे," भंगारवाला म्हणाला.

"कशावरून?"

"सफेदी बघा ना वरती. पुराना माल आहे म्हणून आली. नवीन मटक्याला येते का कधी?"

नव्या मटक्याला येत नाही, हे मला नाकारता येईना. शिवाय फोनमधल्या बाईंनी या झाकेला 'पॅटिना' म्हणतात आणि ती कधी घासून काढू नये, असं बजावलं होतं.

"धुऊन देतोस का?" मी तरी विचारलं.

"धुतला तर मग काय राहिलं अंकल त्याच्यात?"

या उत्तरातली कला माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

रिक्षात मी रांजणाला कवेत घेऊन बसलो. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "काका, मच्छी घेतली का?"

"नाही रे. अँटिक आहे."

"ती कुठली असते?" त्याने मनापासून विचारलं.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला वास नाही आला? माझ्या नाकाचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरता आहे. सायनसने बाकीची खाती केव्हाच बंद केली.

श्रावणात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बायको पंधरवड्यासाठी ठाण्याला गेली. मी ठरवलं, तिला सरप्राइज द्यायचं. नवऱ्याने बायकोला न विचारता केलेल्या गोष्टीला सरप्राइज म्हणतात. बायकोने नवऱ्याला न विचारता केलेल्या गोष्टीला संसार म्हणतात. गिरीजच्या एका वाडीतून मी चांगलं कुजलेलं शेणखत आणलं. पोर्तुगीजांच्या वस्तूला ड्रिलने भोक पाडायला जीव होईना, म्हणून रांजणाच्या तळाशी विटांचे तुकडे टाकले. त्यावर माती, मातीत तुळस. पोटाला गोल गोल सुंभ गुंडाळला, कारण फोनमधल्या बाई गुंडाळायच्या. रंगाचा डबा उरलेल्या मातीसकट गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीखाली ढकलला. खाली आलो, स्टुलावर बसलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. खरंच सुरेख दिसत होती. निदान त्या दिवशी.

तिसऱ्या दिवसापासून इमारतीतल्या मांजरांना भक्ती सुचली. सकाळी ग्रिलच्या फटीतून एक पिवळं मांजर आत येई आणि रांजणाशी डोळे मिटून बसे. दुसरं त्याच्या अंगाला अंग घासून जाई. एक काळं मांजर तर प्रदक्षिणा घालायचं. समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी देवधर्मवाल्या. त्यांनी एकदा हे दारातून पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"तुमच्या तुळशीत काहीतरी आहे हो," त्या म्हणाल्या. "मुक्या जिवांना आधी कळतं."

"जागा बदलली ना," मी नम्रपणे म्हटलं. "आता तिला मान मिळाला."

मग त्या रोज अंघोळीनंतर यायच्या आणि दोन पानं प्रसाद म्हणून तोंडात टाकायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाल्या, "चव जरा खारट लागते का हो?"

"अस्सल गावठी तुळस खारटच असते," मी सांगितलं. माहिती नसलेल्या विषयात मी कधी अडखळत नाही.

बायको परत आली. दारातच तिने नाक वर केलं. "कुठे सुकट भाजतायत का?"

"खालच्या मजल्यावर असेल."

"खालचे? ते कांदा खात नाहीत."

"मग त्यांच्या मुलाने बदललं असेल काहीतरी. हल्लीची पिढी."

ती गॅलरीत गेली आणि जागीच थांबली. सरप्राइजचा परिणाम व्हावा म्हणून मी जरा मागे उभा राहिलो. तिने स्टुलाच्या मागे वाकून पाहिलं. मग म्हणाली, "डबा कुठाय?"

"गच्चीवर. रांजण कसा आहे?"

"कशाचा आहे?"

"पोर्तुगीज. पाण्याचा."

"पानं का वळलीत?"

पानं वळली होती, हे खरं. कडा तपकिरी झाल्या होत्या. मी म्हटलं, जागा बदलल्यावर माणूससुद्धा आठवडाभर वाळतो. आणि मग मी उपचार सुरू केले. फोनमधल्या बाई म्हणाल्या, पाणी कमी पडतंय. मी पाणी वाढवलं. गिरीजच्या वाडीवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "तुमी फ्लॅटवाले पानी जास्त पाजता." मी कमी केलं. मावशी म्हणाल्या, दृष्ट लागली. मी मिरच्या ओवाळल्या. ताक घातलं, हळद घातली, निंबोळी पेंड घातली. प्रत्येक उपचाराबरोबर मी मातीत भरपूर पाणी ओतत होतो आणि त्या पाण्याने रांजणाच्या भिंतीत वर्षानुवर्षं मुरलेलं जे काही होतं, ते सुटून मुळांपर्यंत जात होतं. तळाला भोक नसल्यामुळे कुठे वाहूनही जात नव्हतं. याला म्हणतात सेवा.

गणपती झाल्यावर एका सकाळी बायको चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होती. सुंभाच्या पेडांमधून पांढरं काहीतरी फुलून आलं होतं, दव गोठावं तसं.

"हे काय?"

"पॅटिना," मी म्हटलं. "जुनेपणाची खूण. ही असली म्हणजे वस्तू अस्सल."

तिने बोटाने ती खूण पुसली आणि बोट जिभेला लावलं.

"मीठ आहे."

"शक्य आहे. पोर्तुगीज समुद्रमार्गे—"

"अहो, मीठ आहे."

तिने कप खाली ठेवला, सुंभ सोडला, रांजणाच्या गळ्यापाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. "खारवायचा रांजण हा. आमच्या शेजारी पडवीत असाच असायचा. पावसाळ्याच्या आधी भरून ठेवायचे. एक थर बांगडे, एक थर मीठ." मग माझ्याकडे वळली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही तिला खारट पाणी पाजताय."

पिवळं मांजर बाजूला बसून ऐकत होतं. त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर सोपं झालं असतं, मला ओरडून घ्यायची सवय आहे. तिने रोप मातीतून काढलं, नळाखाली मुळं धुतली, पुन्हा धुतली, एका साध्या मातीच्या कुंडीत लावलं. मी तांब्या घेऊन उभा होतो. तेवढंच काम तिने मला दिलं, आणि तेही मी मागितल्यावर. पण मुळं काळी पडली होती. नवरात्र येईपर्यंत नुसत्या काड्या उरल्या. काड्या तिने टाकल्या नाहीत, देव्हाऱ्याशेजारी कागदात गुंडाळून ठेवल्या.

रोज संध्याकाळी सासूबाईंचा ठाण्याहून फोन यायचा. शेवटी एक प्रश्न ठरलेला. "तुळस कशी आहे गो?" बायको म्हणायची, "बरी आहे." फोन ठेवला की ती गॅलरीकडे पाठ करून भाजी निवडायला बसायची. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "यंदा लग्नाला आई आली की काय सांगू?"

यावर मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. नर्सरीतून दुसरी तुळस आणली, तेवढीच उंच, तशीच घेरदार. गुपचूप कोपऱ्यात ठेवली. बायकोने पान चुरगळलं.

"हिचा वास वेगळा आहे."

"आईंना काय कळणार? त्यांचं नुकतंच डोळ्याचं—"

"आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली, "नाकाचं नाही. या घरात नाक एकाचंच गेलंय."

ती तुळस मावशींना देऊन टाकली. मावशींनी एक पान खाऊन पाहिलं आणि तक्रार केली, की हिला ती खारट चव नाही.

दसऱ्यानंतर इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. गच्चीवर टाकीखाली चौथ्या मजल्यावरील सभासदांचा रंगाचा डबा असून त्यात गवत माजले आहे, डास होतात, तरी त्वरित हटवावे. खाली चौदा जणांनी अंगठे दाखवले. ज्यांनी माझी चटणी खाल्ली होती, त्यांनी सगळ्यात आधी.

मी वर गेलो. डब्यात खरोखरच गवत माजलं होतं, हिरवंगार, दाट, बोटभर उंच. आता अनुभवी माळी काय करेल? माती चांगली आहे, ती फुकट जाऊ द्यायची नाही. आधी गवत साफ करायचं, मग माती पोत्यात भरून खाली न्यायची. मी उकिडवा बसलो आणि मुठी भरभरून उपटायला लागलो. सोपं जात होतं. पावसाने माती भुसभुशीत झाली होती. बऱ्याच दिवसांनी एखादं काम इतकं स्वच्छ जमत होतं. डब्याच्या पलीकडच्या काठाशी थोडं राहिलं, पण कमरेत कळ आली, म्हणून म्हटलं आधी पोतं आणू.

खाली येऊन बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. मी हात पुढे केला. "पोतं दे जरा."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग मनगट धरून हात नाकाशी नेला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने दारात उभं राहून माझा हात धरला, याचं मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

"कुठे होतात?"

"गच्चीवर. गवत उपटत होतो."

ती अनवाणीच जिन्याने वर पळाली. लिफ्टची वाट पाहिली नाही. गुडघेदुखीमुळे ही बाई वर्षभर जिना चढली नव्हती.

मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा ती डब्यापाशी बसली होती. उन्हाळ्यात डब्यात झडलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या पावसात रुजल्या होत्या. मी फेकून दिलेल्या मातीत, मी टाकून दिलेल्या डब्यात, मी विसरून गेलो होतो म्हणूनच ती नीट वाढली होती. आणि मग मला तिची आठवण झाली. उन्हात पडलेल्या ढिगाची पानं मलूल झाली होती. पलीकडच्या काठाशी, माझ्या कमरेच्या कृपेने, तीन रोपं उभी होती.

"या तीन कशा राहिल्या?" तिने विचारलं.

"कमरेत कळ आली."

"देव आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसण्याच्या तयारीत होते. ढिगातली जी जरा ताठ वाटली तीही तिने परत मातीत बसवली आणि पदराने त्यांच्यावर सावली धरली. मी मदतीला वाकलो.

"तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "डबा उचला. हळू. दोन्ही हातांनी."

गच्चीपासून घरापर्यंत मी तो डबा दोन्ही हातांनी धरून आणला. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. म्हणाले, "हटवला, बरं झालं." मी म्हटलं, "हटवला नाही, बोलावलंय." त्यांनी पुढच्या मजल्यावर उतरून घेतलं.

त्या दिवसापासून माझ्या सकाळचा चहा रंगाच्या डब्यासमोर होतो. उपटून परत बसवलेली एकही जगली नाही, पण काठाच्या तिघींनी मूळ धरलं. दोनाची चार पानं, चाराची सहा. इंद्रधनुष्य आता मला खुपत नाही. डाग सहज पुसले जातात, हे आश्वासन मात्र तपासून बघायचं आहे.

कार्तिकात लग्न ठरल्याप्रमाणे झालं. वधू वीतभर होती. मातीत खोचलेला आवळा तिच्या खांद्याला लागत होता. चार उसांचा मांडव थेट गॅलरीच्या छताला टेकलेला आणि त्याखाली ती, दिसायलासुद्धा वाकावं लागत होतं. मावशी म्हणाल्या, "मुलगी फारच लहान आहे हो." मी म्हटलं, "मुलगा तरी कुठे मोठा आहे? रांगतोय अजून." अंतरपाट म्हणून नेहमीचा पंचा चालेना, सगळी वधू झाकली जायची. शेवटी रुमाल धरला.

सासूबाई नव्या चष्म्यातून सगळं बघत होत्या. आल्या आल्या त्यांनी काही विचारलं नव्हतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मग त्या हळूच खाली बसल्या, सगळ्यात मोठ्या रोपाचं एक इवलंसं पान चुरगळलं आणि हुंगलं. बायकोने श्वास धरला होता. मीही धरला, जरी मला त्याचा उपयोग नाही.

"तीच," सासूबाई म्हणाल्या. "पण एवढीशी कशी झाली गो?"

मग बायकोने सगळं सांगितलं. रांजण, मांजरं, मावशींचा प्रसाद, पॅटिना, गच्ची, गवत, कंबर. काही सोडलं नाही. जिथे ती विसरली, तिथे मावशींनी भर घातली. मी चुरमुऱ्यांचं ताट फिरवत होतो आणि लोक माझ्याकडे बघून चुरमुरे उचलत होते.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं. रांजण तिथेच होता, रिकामा, धुतलेला, तरी पोटावर पुन्हा थोडा पांढरा झालेला. भंगारवाला तो परत घेत नव्हता. म्हणाला, माल अस्सल आहे, ठेवा. त्याला टेकून पिवळं मांजर झोपलं होतं.

"तो टाकू नको हां," सासूबाई लेकीला म्हणाल्या.

मला भरून आलं. या घरात जुन्या वस्तूची कदर असलेलं आणखी एक माणूस निघालं. मी बायकोकडे बघून म्हटलं, "बघ. आईंना कळलं."

"यांना ठेव त्यात," सासूबाई म्हणाल्या. "मिठात टिकतील, आणि झाडांपासून लांब राहतील."